दातांवरील मुलामा : घ्यावा की न घ्यावा?

चेन्नईच्या पश्चिमेस, सेंट्रल स्थानकापासून लोकल गाडीने तासाभराच्या आत पोहोचता येईल अशा अंतरावर आवडी नावाचे उपनगर आहे. मराठी कानाला हे नाव मोठे गोड लागते. परंतु तेथे वस्ती आहे ती आवडीनिवडीपेक्षा कर्तव्याने आलेल्या लोकांची. १९५५ च्या जानेवारीत काँग्रेसचे अधिवेशन येथे भरले आणि ढेबरभाईंच्या अध्यक्षतेखाली समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव संमत झाला, तेव्हा या गावाचे नाव देशभर झाले. पुढे १९६१ साली जड वाहनांचा कारखाना स्थापन झाला आणि १९६५ मध्ये तेथून पहिला विजयंता रणगाडा बाहेर पडला. वायुदलाचे केंद्र, केंद्रीय राखीव पोलीस दलाचा तळ, लष्करी गणवेश शिवणारा कारखाना हे सारे येथेच. साहजिकच खडकी, अंबरनाथ, अंबाझरी अशा ठिकाणांहून बदली होऊन आलेली मराठी कुटुंबेही येथील वसाहतींतून आढळतात, आणि त्यांच्या शेजारी तेलगू, पंजाबी, बंगाली, हिंदी भाषक.

अशा वसाहतीतील शाळेच्या एखाद्या वर्गात मुले हसली की, पाहणाऱ्याला एक गोष्ट समजू शकते. कोणते मूल कोणत्या पाण्यावर वाढले हे त्याच्या पुढच्या दातांवर लिहिलेले असते. कोणाच्या दातांवर खडूने ओढल्यासारख्या पांढऱ्या रेषा, कोणाच्या दातांवर पिवळे वा तपकिरी डाग. तमिळनाडूतील धर्मपुरी व कृष्णगिरी, तेलंगणातील नलगोंडा, आपल्याकडील चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण फार आहे. त्या पाण्यावर बाळपण काढलेल्या मुलांचे पक्के दात असे डागाळलेलेच येतात. यास दातांचा फ्लोरोसिस म्हणतात. हिंदुस्थानात या विकाराची माणसांतील पहिली शास्त्रीय नोंद १९३७ साली झाली, ती तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून; आणि तो अभ्यास करणारे डॉ. शॉर्ट हे गिंडीच्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये काम करीत, म्हणजे आवडीपासून फार लांब नव्हे.

आता समजा, यवतमाळकडील एका खेड्यात बाळपण गेलेली, वडिलांच्या नोकरीमुळे आवडीस आलेली बावीस वर्षांची एक मुलगी आपल्या घरात आहे. पदवी घेतली आहे, मुलाखती चालू आहेत, स्थळे पाहणेही चालू आहे. ती हसताना ओठांवर हात धरते. छायाचित्रात तोंड मिटून बसते. मावशी म्हणते, "अगं, दातांचं काहीतरी करून घे गं." आणि अशा वेळी एखादी जाहिरात समोर येते : दोन भेटींत नवे हास्य, दहा दातांना शुभ्र व्हेनिअर. वडील ठेव मोडावयास तयार होतात. ही परिस्थिती ज्या घरात आहे त्या घरासाठीच हा लेख आहे. मुलीच्या दुःखाला नखरा म्हणून हिणवू नये, हे प्रथमच सांगितलेले बरे. ज्याला मोकळेपणाने हसता येत नाही त्याची अडचण खरी असते. परंतु उपाय कोणता, आणि तो केव्हा, हा प्रश्न थोडा थांबून विचार करण्याजोगा आहे. कारण यातील एक उपाय असा आहे की तो केल्यावर मागे फिरता येत नाही.

व्हेनिअर या शब्दाला दातांच्या संदर्भात रुळलेला मराठी प्रतिशब्द नाही. मुलामा, अस्तर, पापुद्रा असे अनेक शब्द मनात येतात आणि प्रत्येक थोडा थोडा अपुरा पडतो. तथापि आपल्या घरच्या कपाटामुळे हा शब्द आपणांस ओळखीचा आहे. सुतार साध्या प्लायवूडवर सागाचा पातळ पापुद्रा चिकटवितो आणि कपाट सागवानी दिसू लागते. दंतवैद्य दाताच्या दर्शनी बाजूवर चिनी मातीचा किंवा काँपोझिट नावाच्या दातांच्या रंगाच्या मसाल्याचा पापुद्रा चिकटवितो. त्याची जाडी सामान्यतः अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे बोटाच्या नखाहून फारशी अधिक नाही. फरक एवढाच की सुताराचे प्लायवूड निर्जीव असते.

या युक्तीचा इतिहास मनोरंजक आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील चार्ल्स पिंकस या दंतवैद्याने १९३० च्या दशकात चित्रपटांतील नटनट्यांसाठी असे पातळ पापुद्रे तयार केले. ते कवळी बसविण्याच्या चिकट भुकटीने तात्पुरते लावीत. चित्रीकरण संपले की काढून ठेवावे लागत. त्यांना दाताला कायमचे धरून ठेवील असा गोंदच त्या काळी नव्हता. तो मार्ग मोकळा केला मायकेल ब्युओनोकोर यांनी. कारखान्यात लोखंडी पत्र्याला रंग नीट बसावा म्हणून आधी तो आम्लाने धुतात, हे त्यांना ठाऊक होते. तीच कल्पना त्यांनी दातावर चालविली. फॉस्फरिक आम्ल क्षणभर लावले की दाताच्या गुळगुळीत कवचावर डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे पडतात, त्यांत पातळ राळ शिरते आणि घट्ट होऊन बसते. हा शोध त्यांनी १९५५ साली प्रसिद्ध केला, म्हणजे आवडीच्या अधिवेशनाच्याच वर्षी. पुढे १९८३ च्या सुमारास चिनी मातीच्या पापुद्र्याची आतील बाजूही आम्लाने खरखरीत करण्याची रीत निघाली, आणि आजचे व्हेनिअर अस्तित्वात आले.

यातील एक गोष्ट वाचकांनी पक्की ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सारा विचार तिच्यावर उभा आहे. हे चिकटणे उत्तम होते ते इनॅमलवर, म्हणजे दाताच्या अगदी बाहेरच्या कठीण कवचावर. त्याच्या आत जो पिवळसर, किंचित मऊ भाग असतो, त्याला डेंटीन म्हणतात. त्यावर ही पकड तितकी टिकाऊ होत नाही. इनॅमलची जाडी दाताच्या धारेपाशी मिलिमीटरभर किंवा थोडी अधिक, तर हिरडीजवळ अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. व्हेनिअर बसविण्यासाठी जागा करावयाची म्हणून बहुधा याच कवचाचा काही भाग घासून काढतात. हाडाला झालेली भेग शरीर भरून काढते, त्वचा नवी येते. इनॅमल मात्र पुन्हा कधीही येत नाही, कारण ते घडविणाऱ्या पेशी दात तोंडात उगवतानाच नाहीशा झालेल्या असतात. एकदा दात घासला की त्यावर जन्मभर काही ना काही आच्छादन ठेवावेच लागते.

मग आमच्या त्या मुलीने काय करावे?

प्रथम, डाग कोणत्या जातीचा आहे हे ठरवून घ्यावे. चहा, पान, तंबाखू, मशेरी यांचा डाग दाताच्या बाहेर असतो; दात साफ करून घेतले की तो बव्हंशी जातो आणि व्हेनिअरचा प्रश्नच उरत नाही. (मशेरी लावणाऱ्या आपल्या आयाबायांना दात पांढरे करून देण्याआधी मशेरी सोडवावी, तिच्यामुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगापुढे डाग ही क्षुल्लक गोष्ट आहे.) लहानपणी दिलेल्या टेट्रासायक्लिन जातीच्या औषधाने आलेला करडा किंवा निळसर पट्टा दाताच्या आतून असतो आणि तो सर्वांत हट्टी. मार लागून एकच दात काळवंडला असेल तर त्याची मज्जा मेलेली असण्याचा संभव असतो. तेथे आधी क्ष-किरण चित्र, मग रूट कॅनाल, आणि त्या दाताला आतून उजळण्याचा उपाय. फ्लोरोसिसचा डाग इनॅमलमध्येच असतो. सौम्य असेल तर वरवर, तीव्र असेल तर खोल, खळगे पडलेला.

सौम्य व मध्यम फ्लोरोसिसमध्ये दात न घासता पुष्कळ काही साधते, आणि हेच जाहिरातीत सहसा सांगत नाहीत. रात्री दातांवर बसणाऱ्या पातळ साच्यात सौम्य पेरॉक्साइडचे मलम घालून काही आठवडे दात उजळविता येतात; ही पद्धत १९८९ पासून प्रचारात आहे. तपकिरी छटा याने फिकी होते. पांढरे ठिपके जात नाहीत, पण भोवतालचा दात उजळल्यामुळे ते डोळ्यांत कमी भरतात. सुरुवातीला ठिपके उलट अधिक पांढरे दिसतात. घाबरून उपचार सोडू नयेत. काही दिवस दातांना गार लागते, तेही बहुधा थांबते. याखेरीज सौम्य आम्ल व प्युमिस दगडाची पूड यांनी दाताचा अगदी वरचा डागाळलेला थर घासून काढण्याची पद्धत आहे. तीत जाणारे इनॅमल मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. ठिपक्यांत पातळ राळ मुरवून ते झाकण्याचीही एक पद्धत अलीकडे निघाली आहे. हे दोन-तीन उपाय एकामागून एक, मध्ये काही आठवडे जाऊ देऊन केले तर अनेकांना तेवढ्यावरच समाधान होते. एवढ्यानेही भागले नाही तर दाताला हात न लावता किंवा नाममात्र खरवडून काँपोझिटचा थर देता येतो. तो एका बैठकीत होतो, स्वस्त पडतो, तुटला तर तेथल्या तेथे दुरुस्त होतो. मात्र पाच-सात वर्षांत त्याचा रंग उतरतो, चकाकी जाते. चिनी मातीचे व्हेनिअर यानंतरची पायरी आहे, आणि संपूर्ण दाताला टोपी घालणारी कॅप त्याहूनही नंतरची. कॅपसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागाचा जवळजवळ दोनतृतीयांश घासून जातो. परदेशात स्वस्तात दात करून आलेल्या कित्येक तरुणांना व्हेनिअर म्हणून प्रत्यक्षात कॅप बसविल्या गेल्या, हे त्यांना नंतर समजले. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारावे : माझ्या दाताचा किती भाग जाईल, आणि तो इनॅमलमध्येच राहील का?

व्हेनिअरची निंदा करण्याचा येथे हेतू नाही. तीव्र फ्लोरोसिसने खळगे पडलेले दात, धार तुटलेला दात, जन्मतःच खुजा राहिलेला बाजूचा दात, उजळूनही न जाणारा खोल डाग, अशा ठिकाणी ते फार चांगले काम करते. इनॅमलवर नीट चिकटविलेल्या चिनी मातीच्या व्हेनिअरांपैकी दहा वर्षांनंतरही दहांत नऊहून अधिक शाबूत राहतात, असे अनेक वर्षे चाललेल्या पाहण्यांतून दिसून आले आहे. चहाचा डाग त्यांवर बसत नाही. उत्तम कारागिराने केलेले व्हेनिअर शेजारच्या माणसालाही ओळखू येत नाही. तीव्र फ्लोरोसिस असेल तर मात्र बाहेरचा थर आम्लाला सहजी दाद देत नाही. अशा दातांवर पूर्वी काम केलेल्या डॉक्टरांकडेच जावे.

तथापि काही माणसांनी ते करू नये. झोपेत दात खाण्याची सवय ज्यांना आहे त्यांनी आधी त्याचा बंदोबस्त करावा, नाहीतर महागडा पापुद्रा एका रात्रीत तडकेल. ज्यांच्या हिरड्यांतून रक्त येते, ज्यांच्या दातांत कीड आहे, त्यांनी आधी ते बरे करावे. ओल आलेल्या भिंतीला रंग देण्यात अर्थ नसतो. ज्यांचे दात वेडेवाकडे आहेत त्यांनी तार लावून ते सरळ करण्याचा विचार करावा, कारण वाकडा दात घासून सरळ दाखविणे म्हणजे बराचसा चांगला दात फुकट घालविणे होय. आणि अठरा वर्षांच्या आतील मुलामुलींच्या बाबतीत तर घाई करूच नये. त्या वयात दाताच्या पोटातील मज्जेची पोकळी मोठी असते व हिरडीची रेषाही अजून वर सरकत असते. आज हिरडीला लागून बसविलेल्या व्हेनिअरची कड चार वर्षांनी उघडी पडते. सुपारी दाताने फोडणे, बाटलीचे झाकण दाताने उघडणे, ऊस दाताने सोलणे ज्यांना सोडवणार नाही, त्यांनीही विचार करावा. आवडीस राहणाऱ्यांनी यात कडक मुरुक्कूची भर घालावी. चणे आहेत तर दात नाहीत ही म्हण आपल्याला ठाऊक आहे. येथे दात येतात आणि चणे जपून खावे लागतात.

पैशांचा हिशेब आजचा करू नये, आयुष्याचा करावा. बावीसाव्या वर्षी बसविलेले व्हेनिअर दहा ते पंधरा वर्षे, फार तर वीस वर्षे टिकले असे धरले, तरी पस्तिशी-चाळिशीत एकदा, पन्नाशीत एकदा आणि उतारवयात बहुधा आणखी एकदा ते बदलावे लागणार. प्रत्येक वेळी थोडा दात जातोच. एका दाताचा खर्च हजारांच्या घरात असतो आणि जाहिराती सहा, आठ, दहा दातांच्या असतात. केवळ रूप सुधारण्यासाठी केलेल्या उपचारांचा खर्च सरकारी योजनांत व विम्यात सहसा धरीत नाहीत. तेव्हा कार्यालयात आधी लेखी विचारून घ्यावे. किती दात करावयाचे हा प्रश्नही स्वतंत्रच आहे. जे दात हसताना दिसतात आणि ज्यांवर खरोखर डाग आहे, तेवढेच. चारांवर भागत असेल तर दहा कशासाठी?

एक सोय मात्र अवश्य मागून घ्यावी. मेणाचा नमुना करून, त्यावरून तात्पुरत्या मसाल्याचे दात तोंडातच, खऱ्या दातांना न घासता, बसवून दाखविता येतात. ते लावून घरी आरशात पाहावे, बोलून पाहावे. 'स', 'फ', 'व' हे वर्ण नीट उमटतात का हे ऐकावे. घरच्यांना दाखवावे. मन मानेना तर ते काढून टाकता येतात आणि दात होते तसेच राहतात. जो दवाखाना ही संधी देण्याचे टाळतो आणि आजच आगाऊ रक्कम भरण्याचा आग्रह धरतो, तेथून उठून यावे.

रंगाविषयीही थोडे बोलले पाहिजे. आपल्या आज्या-पणज्यांपैकी कित्येक सुवासिनी दातवण लावून दात काळे करीत, आणि ते शोभेचे मानले जाई. आज कागदासारखा पांढराफेक दात शोभेचा झाला आहे. आपल्या भाषेने मात्र दातांना उपमा दिली ती मोत्याची, आणि मोती कधी खडूसारखा पांढरा नसतो. नैसर्गिक दात किंचित पिवळसरच असतो, कारण अर्धपारदर्शक इनॅमलमधून आतला पिवळा थर दिसतो. वय वाढेल तसा तो अधिक दिसतो. डोळ्यांतील पांढऱ्या भागाहून दात अधिक पांढरे झाले की चेहरा विचित्र दिसतो, असे जाणते कारागीर म्हणतात. चिनी मातीचा रंग पुढे उजळविता येत नाही, म्हणून दात उजळावयाचे असतील तर ते व्हेनिअरच्या आधी उजळावेत आणि मग त्या रंगाशी जुळता पापुद्रा घ्यावा.

सल्ला एकाच दवाखान्यात घेऊ नये. डॉक्टरांचे नाव राज्याच्या दंतवैद्यांच्या नोंदवहीत आहे याची खात्री करावी. १९४८ च्या कायद्यापासून आपल्या देशात ही नोंदणी आवश्यक आहे. दुसरे मत घेण्यासाठी दंतमहाविद्यालयासारखी जागा नाही, कारण तेथे पुढची विक्री साधण्याची निकड नसते. आवडीच्या रहिवाशांना लोकलने सेंट्रलला उतरून तेथून जवळच्या सरकारी दंतमहाविद्यालयात जाता येईल. त्याची सुरुवात १९५३ साली झाली. मुंबईत नायर रुग्णालयाचे १९३३ पासूनचे दंतमहाविद्यालय आहे, आणि विदर्भातील वाचकांना नागपूरचे शासकीय महाविद्यालय जवळ पडेल. रांगेत बसावे लागते, शिकाऊ विद्यार्थी प्रथम तपासतात, एका कामाला पाच खेपा होतात. हे खरे, पण तेथे निष्कारण दात घासण्याची घाई कोणाला नसते.

आणि त्या मुलीचा धाकटा भाऊ? तो तीन वर्षांचा आहे, सुटीत आजोळी त्याच विहिरीचे पाणी पितो. पुढच्या पक्क्या दातांचे इनॅमल जन्मापासून साधारण चार-पाच वर्षांपर्यंत हिरडीच्या आत घडत असते, मागच्या दातांचे आठव्या वर्षापर्यंत. त्या काळात पोटात गेलेले जादा फ्लोराइडच डाग पाडते. आठ वर्षांनंतर डाग पडत नाहीत. म्हणून ताईच्या उपचारांचा खर्च ठरविताना धाकट्याच्या पाण्याची तपासणीही उरकून घ्यावी. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळांत आणि तमिळनाडूत पाणीपुरवठा मंडळाच्या प्रयोगशाळांत पाण्याचा नमुना तपासून मिळतो. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरे पाणी नसल्यास १.५ मिलिग्रॅम ही अखेरची मर्यादा. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट आटल्याने ते थोडे वाढते. तुरटी व चुना वापरून ते कमी करण्याची 'नलगोंडा पद्धत' नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने काढली आहे. धर्मपुरी व कृष्णगिरी जिल्ह्यांना २०१३ पासून होगेनक्कलचे कावेरीचे पाणी मिळू लागले आहे. आणि धाकट्याच्या ब्रशवर टूथपेस्ट घ्यावयाची ती वाटाण्याएवढी, तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, आणि चूळ भरून ती थुंकली जाते की नाही हे जवळ उभे राहून पाहावे.